ढगात हात कुणाचा

२ ऑक्टोबर १९९७, गुरुवार

आज घट बसले. सुभद्रा परडीतल्या मातीत गहू पेरत होती, तेवढ्यात सणसरकडून येणारी जीप फाट्यावर थांबली आणि दत्ता उतरला. कळवलं नव्हतं. हातात काळी बॅग, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत विमानातली टोपी. पाया पडला. सुभद्राचे हात मातीचे, तिनं मनगटानंच त्याचा चेहरा चाचपला.

"किती दिवस हाईस?"

"बोलावतील तोवर, आई."

गेल्या महिन्यात त्याचं विमान वादळात सापडलं. कॅप्टनच्या शेजारी बसून चालवणारा दुसरा वैमानिक म्हणजे आमचा दत्ता. ढगात शिरल्यावर विमान ताब्यातून गेलं, दगडासारखं खाली आलं, आणि पार खाली आल्यावर कसंबसं सावरलं. उतरलं. एक म्हातारे प्रवासी गेले. चहापाणी देणाऱ्या मुलीचा मणका मोडला. बाकी सगळे वाचले. चौकशी चालू आहे, तोवर याला विमान चालवायचं नाही.

हे सगळं पेपरातून कळलं. त्याच्याकडून फोनवर एकच वाक्य, "मी बरा आहे, तात्या."

आज बघितलं. हातपाय धड आहेत. जेवताना भाकरीचा तुकडा मोडायचा आणि मोडून तसाच धरून बसायचा. बाकी...

४ ऑक्टो., शनि.

वस्तीवरून थोरले बंधू आबा आले. या वयातही काठी टेकत चालत येतात, एसटीला हात करत नाहीत. ओट्यावर घोंगडी टाकून बसले. दत्ता पाया पडला.

"बरा हाईस न्हवं?"

"बरा आहे, आबा."

मग आबा उसाच्या तोडीवर बोलले, कालव्याच्या पाण्यावर बोलले. दत्ता आत गेल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुनी काय इचारलं का त्याला?"

"नाही."

"इचारू नगा. काठी खाली ठिवू द्या आदी."

ही आमच्या घरात मेंढरं होती तेव्हाची रीत. कुणी गारावादळात सापडून परत आला आणि कळप रोडावलेला दिसला, तर त्याला काही विचारायचं नाही. त्यानं आपण होऊन काठी भिंतीला टेकवावी, घोंगडी उतरवावी आणि बोलावं. तोवर पाणी द्यायचं, भाकरी द्यायची, जाळ करायचा. वडील तर मेंढरांकडे बघायचेसुद्धा नाहीत, नजरेतूनही प्रश्न जाऊ नये म्हणून. आबा स्वतः तरणेपणी नीरेच्या काठाला गारांत सापडले होते. घरी आले ते काठी खांद्यावर आडवी धरूनच बसले. कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी काठी ठेवली आणि लहान पोरासारखे रडले, मग सगळं सांगितलं. अजून म्हणतात, "इचारलं आसतं तर मी पळून गेलो आसतो."

दत्ताची बॅग खोलीच्या कोपऱ्यात आणली तशीच पडून आहे. चेन लावलेली. सुभद्रा म्हणाली, "मळकी कापडं तरी दे, धुऊन टाकते." नको म्हणाला. माझाच पायजमा घालतो, आखूड होतो तरी.

ही बॅग म्हणजे त्याची काठी. ती उघडेल तेव्हा बोलेल, असं मी धरून चाललो आहे.

७ ऑक्टो., मंगळ.

दाढीला गेलो. गावातले बबनराव शेजारच्या खुर्चीत, तोंडाला फेस. आरशातून माझ्याशी बोलले.

"तात्या, इमानावर ईज पडली म्हंत्यात, खरं का?"

मी काही म्हणायच्या आत बाकावरचा एकजण, "ईज न्हाय ओ. रॉकेलमदी पानी आसनार. आमच्या इंजनाचं तसंच झालतं, फाट्‌फाट्‌ करून गप."

"इमान रॉकेलवर चालतंय व्हय रं?"

"मग काय उसाच्या मळीवर चालतंय?"

हशा. मग एक तरणा म्हणाला, "न्हायतर डायवरला लागली आसंल डुलकी." आणि एकदम सगळे गप्प. मी कोण बसलोय ते ध्यानात आलं. वस्तरा माझ्या गळ्याशी. न्हावी म्हणाला, "तात्या, हालू नका." मी हललो नव्हतो. म्हणजे मला तसं वाटत होतं.

येताना वाचनालयात डोकावलो. पेपरात आतल्या पानावर चौकोन. संभाव्य कारणं: इंजिनात गारा, वेग दाखवणाऱ्या यंत्रात बिघाड, ढगातला उभा झोत. आणि शेवटी, मानवी चूक. मानव हा शब्द मी शाळेच्या पुस्तकातल्या कवितांमधून शिकलो. तिथं तो नेहमी काहीतरी थोर करत असायचा, डोंगर फोडायचा, समुद्र ओलांडायचा. त्याच्यापुढं 'चूक' लागलेली मी कधी वाचली नव्हती. वाचनालयातून निघालो तरी तेवढेच दोन शब्द डोक्यात.

गारा असू दे. इंजिन असू दे. देवा, लोखंडाची चूक निघू दे.

११ ऑक्टो., शनि. दसरा

पाटावर विळा, खुरपं, आबांची काठी, माझा जुना फाउंटन पेन. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलताना वापरायचो तो. दरवर्षी एवढंच असतं. यंदा सुभद्रानं शेजारी दत्ताची टोपी ठेवली, पिशवीतून काढून. हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू.

दत्ता आंघोळ करून आला. बघितलं. वाकून टोपीवरचं फूल काढलं, काठीवर ठेवलं. टोपीवर लागलेलं कुंकू अंगठ्यानं पुसत पुसत आत घेऊन गेला. पुसलं की जास्तच पसरलं.

सुभद्रा माझ्याकडे बघत राहिली. "माजं काय चुकलं?"

"काही नाही. थांब थोडं."

"किती थांबायचं? पोरगं आतून पोखराय लागलंय. तुमची आन् आबांची रीत मेंढरांची हाय. त्यो काय मेंढरं घिऊन आलाय?"

सोनं द्यायला माणसं आली. दत्तानं सगळ्यांना आपट्याची पानं दिली, हसून दिली. त्याचं हसू बघून मलाच धडकी भरली.

१४ ऑक्टो., मंगळ.

आज थोडं बोलला. पण यंत्राचं.

गॅस संपला म्हणून सुभद्रा चुलीपाशी. फुंकणी फुंकत होती आणि जाळ धरत नव्हता. दत्तानं फुंकणी घेतली, उजेडात धरून आरपार बघितली. "आई, राख अडकलीय. तू कितीही फुंक." काडीनं साफ केली. मग हातात धरूनच सांगायला लागला. विमानाच्या नाकापाशी अशाच बारीक नळ्या असतात. समोरची हवा नळीत शिरते, तिच्या दाबावरून वेग कळतो. वर ढगात बर्फ धरतो. नळी गरम ठेवायची सोय असते, तरी कधी कधी बर्फ जास्त होतो. नळी बुजली की काटा काहीही सांगतो. वेग असून नाही म्हणतो, नसून आहे म्हणतो.

सुभद्रा म्हणाली, "मग त्या नळीचीच चूक की रं!"

"एकट्या नळीनं विमान पडत नाही, आई."

फुंकणी चुलीपाशी ठेवली आणि गेला. पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं मी बघितलं. विचारावं का? जिभेवर आलं होतं, 'मग कशानं पडतं?' आबा आठवले. गिळलं.

काट्यावर असताना वाऱ्याच्या दिवसात मीही बघितलं आहे. गाडी तोलायला उभी, वारं सुटलेलं, काटा थरथरतोय. गडबड केली की हमखास चुकायचो. काटा ठरेपर्यंत थांबावं लागायचं. पण माझी गाडी जमिनीवर उभी असायची. ती कुठं पडत नव्हती.

१६ ऑक्टो., गुरु.

दुपारभर शेळगावच्या माळावर ढग. इंदापूरकडून काळे, वरती फुलकोबीसारखे पांढरे. परतीचा पाऊस यंदा जायचं नाव घेत नाही.

दत्ता लहान असताना याच माळावर त्याला खांद्यावर घेऊन मी ढगांच्या कविता म्हणायचो, चालीवर. हा ढग हत्ती, तो ढग राजवाडा. सातवीपर्यंतच शिकलो, पण कविता सगळ्या पाठ. आमचे गुरुजी टेबलावर पट्टीनं ताल धरायचे, पुढचा वर्ग, मागचा वर्ग, सगळे थांबून ऐकायचे. दत्ता खांद्यावरून विचारायचा, "तात्या, राजवाड्याच्या आत काय असतं?" मी म्हणायचो, "सोन्याचे खांब."

आज ओट्यावरून तो ढगांकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. आत काय असतं ते त्यानं बघितलं आहे. मी बघितलेलं नाही. तरी इतकी वर्षं कविता मीच म्हणत होतो.

दोन ओळी जुळवायला बसलो. "नभात शिरला माझा बाळ" याच्या पुढं काही सुचेना. काळ हा शब्द येऊन बसला. खोडून टाकलं.

१९ ऑक्टो., रवि.

आज वाईट झालं.

लोणी भापकरचे पाहुणे आले, मुलीचे वडील रामभाऊ आणि त्यांचे मेहुणे. दत्ताची सोयरीक उन्हाळ्यातच ठरत आली होती, दिवाळीनंतर सुपारी फोडायची असं बोलणं होतं. माणूस सरळ आहे. चहा झाला, पावसाचं झालं. मग रामभाऊंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तात्या, तोंडावर इचारतो, राग धरू नगा. पोरगी द्यायची हाय. चूक कुनाची हाय?"

"चौकशी चालू आहे."

"ते सरकारचं. तुमी बाप हाय. तुमाला काय वाटतंय?"

म्हणालो, "मला ठाऊक नाही. मी त्याला विचारलेलं नाही."

रामभाऊ बघतच राहिले. "पंधरा दिस होऊन गेलं न्हवं? पोटचं पोरगं घरात बसलंय आन् बापानं इचारलं न्हाय?" मेहुणे भिंतीकडे बघत म्हणाले, "इचारायची गरज पडली नसंल." ते असं म्हणाले की त्याचा एकच अर्थ निघत होता.

मी म्हणायला हवं होतं, माझ्या दत्ताचा हात सच्चा आहे. किंवा रीत समजावून सांगायची. मी रिकाम्या कपबश्या एकात एक ठेवत बसलो. रामभाऊ टोपी घालून उठले. "दिवाळी होऊ द्या. मग बघू."

मागं वळलो तर मधल्या दारात दत्ता. हातात पाहुण्यांसाठी आणलेली पानाची तबकडी. कधीपासून उभा होता देव जाणे.

तबकडी माझ्यापुढं ठेवली. "घ्या, तात्या." बस.

२० ऑक्टो., सोम.

सकाळी उठून इंदापूरला जातो म्हणाला. काम काय ते सांगितलं नाही. बॅग कोपऱ्यातच आहे, ती तीनदा जाऊन बघितली.

दुपारनंतर आभाळ फाटलं. विजा एकीत एक. सुभद्रा दारात. मी फाट्यावर जाऊन उभा राहिलो, छत्री उलटी झाली. एक एसटी गेली, त्यात नव्हता. दुसरीतही नव्हता. बबनराव सायकल ढकलत चालले होते. "तात्या, भिजताय कशापायी? तरणाताठा गडी त्यो, यील की!" एरवी मीही असंच म्हणालो असतो.

नाही नाही ते मनात. ते लिहीत नाही.

तिसऱ्या गाडीनं आला. चिंब. माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही कशाला आलात?" रागानं नाही. परक्या माणसाला विचारावं तसं.

घरापर्यंत दोघं चालत आलो. छत्री माझ्या हातात, मोडलेली.

२२ ऑक्टो., बुध.

आज सगळं लिहून ठेवतो.

सकाळी उसाला पाणी होतं. दारं धरायला मी निघालो तर दत्ता टिकाव घेऊन मागं आला. तो सरीचं तोंड फोडायचा, मी भरलेलं बुजवायचो. मग टिकाव तसाच रोवून तो उभा राहिला.

"तात्या, तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत."

मी भरलेल्या सरीचं तोंड बुजवत राहिलो.

"गावातला न्हावी विचारतो. एसटीतला कंडक्टर विचारतो. परवा इंदापुरात चहावाल्यानं विचारलं. तुम्ही नाही. तुम्हाला आधीच कळलंय ना? तुमचं ठरलंय, हात माझाच होता."

"अरे, नाही रे..."

"मग? पाहुण्यांपुढं तरी बोलायचं होतं. विचारलं नाही म्हणालात. असं म्हणालात जणू घरात मेलेलं काहीतरी आहे."

मग मी सांगितलं. चिखलात उभं राहून. काठीची रीत, आबांच्या गारा, वडील मेंढरांकडे न बघता जाळ करायचे ते. त्याची बॅग म्हणजे काठी असं आम्ही धरलं होतं, ती उघडायची वाट बघत होतो.

तो ऐकत राहिला. तोंड उघडं. मग हसायला लागला, आणि ते हसू मध्येच फाटलं.

"तात्या, मी कधी मेंढरं राखली? कळप गेला तेव्हा मी पाळण्यात होतो. पाचवीपासून हॉस्टेलला. मला कुणी सांगितली ही रीत? तुम्ही कवितेची चाल शिकवली. ही नाही शिकवली."

खरंच, सांगायचं कधी सुचलंच नाही. रक्तातून आपोआप जाते असं समजून चाललो होतो.

"बॅग मी उघडली नाही, कारण कुणीतरी म्हणावं, उघड. रोज सकाळी वाटायचं, आज तात्या विचारतील. मी सगळं मनात जुळवून ठेवायचो. तुम्ही उसाचं बोलायचात."

इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत एका ओट्यावर बसलो होतो.

पाणी सरी फोडून बांधावर चाललं होतं. कुणाचं लक्ष नव्हतं. मी विचारलं, "दत्ता, काय झालं होतं वर?"

बांधावर बसला आणि सांगितलं.

२३ ऑक्टो., गुरु.

काल इथंच थांबलो होतो. त्यानं सांगितलेलं आज उतरवतो, त्याच्याच शब्दांत, जमेल तसं.

समोर एक ढग होता. रडारवर दिसत होता, त्याला वळसा घातला. पण त्याच्या आडोशाला दुसरा होता. पुढच्या ढगातला पाऊस रडारची नजर अडवतो, मागं काय आहे ते दिसत नाही, मोकळं असल्यासारखं वाटतं. "मोकळं आहे असं मी सांगितलं, तात्या. रडार बघायचं काम माझं होतं." हे एक.

मग गारा. पत्र्यावर खडी ओतावी तसा आवाज, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वेगाचे काटे दोघांपुढं दोन, दोन्ही वेगळं सांगायला लागले. विमान आपोआप चालवणारं यंत्र आपण होऊन सुटलं. खालून झोत आला आणि नाक वर उचललं गेलं. पंख हवा धरायचे ते सुटले.

"असं झालं की दांडा पुढं ढकलायचा, नाक खाली करायचं. पडत असताना आणखी खाली जायचं. तरच पंख पुन्हा हवा धरतात. शिकवलेलं असतं. पण पडणाऱ्या माणसाचं अंग म्हणतं, ओढ, वर ओढ."

दोघांपुढं दोन दांडे, आतून एकाला एक जोडलेले. एकानं ढकलला की दुसऱ्याचाही जातो. "दांडा जड लागत होता, तात्या. फार जड. म्हणजे आम्ही दोघं एका बाजूला नव्हतो. एक ढकलत होता, एक ओढत होता. कॅप्टनसाहेबांनी जबाबात सांगितलंय, ते ढकलत होते."

"आणि तू?"

प्रश्न माझ्या तोंडून गेला. गेल्यावर वाटलं, हाच तो. इतके दिवस आबांच्या रीतीआड मी लपवला होता तो हाच.

दत्तानं दोन्ही हात पुढं धरले, चिखलाचे. त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मला वाटतं मी पण ढकलत होतो. शपथेवर तसंच सांगितलंय. पण सकाळी जाग येते ना, तेव्हा हातांना ओढल्याची आठवण असते."

मी विचारलं, ती काळी पेटी म्हणतात, तिच्यात कळेल ना? म्हणाला, पेटीत दांडा कुठं होता ते कळतं. हात कुणाचा ते नाही. पण आमचे आवाज आहेत टेपवर. कुणी काय म्हटलं, ते ऐकवतील.

"ते म्हातारे गृहस्थ," तो म्हणाला, "तुमच्याच वयाचे होते. पट्टा सोडून उठले होते. चढताना मला नमस्कार केला होता त्यांनी."

मग उठलो आणि बांधावर गेलेलं पाणी वळवलं.

आता कारणं माझ्याकडे सगळी आहेत. गारा, नळ्या, झोत, मागचा ढग, दोन दांडे. रांगेनं मांडतो आणि पुन्हा पुन्हा शेवटच्यापाशी येऊन अडकतो. दत्ता म्हणतो, यातलं एकही एकटं पुरेसं नव्हतं. सगळी एका वेळी आली. ऐकायला बरं वाटतं. पण रामभाऊ विचारतील तेव्हा त्यांना एकच नाव हवं असेल.

२५ ऑक्टो., शनि.

बॅग उघडली. सुभद्रानं म्हटलं, "उघड बाबा, आता तरी दे ती कापडं." लगेच उघडली.

पांढरा सदरा, पुढं सगळा चहाचा डाग, वाळून तपकिरी. खिशात एक मोडकी बांगडी. मणका मोडलेल्या त्या मुलीची, तिला उचलताना तुटली म्हणाला. सुभद्रानं बांगडीचे तुकडे देव्हाऱ्यात ठेवले. सदरा साबण लावून दगडावर घासघास घासला. डाग फिका झाला, गेला नाही. वाळत घातला. ओट्यावरून दिसतो.

दत्तानं आज पूर्ण भाकरी खाल्ली.

२९ ऑक्टो., बुध.

दिवाळी दारात. आबा आले. त्यांना सांगितलं की मी विचारलं. वाटलं चिडतील. काठी दोन्ही हातांत धरून बसले.

"मला तर इचारलं न्हवतं म्हनून मी जगलो," म्हणाले. मग दत्ताकडे वळले. "तुला इचारलं तर बरं वाटलं व्हय?"

"वाटलं, आबा."

"आसंल बाबा. आमाला मेंढरं ठावं. आबाळातलं तुजं तुला." पुढं सरकून, "मंग आता मी बी इचारतो. त्या इमानात संडास आसतोय का?"

सुभद्रा हसता हसता करंजीचं सारण सांडून बसली. दत्तासुद्धा हसला, यावेळचं हसू त्याचं स्वतःचं होतं.

रामभाऊंकडून काही निरोप नाही.

३ नोव्हें., सोम.

दिल्लीचं बोलावणं आलं. चौकशीपुढं हजर व्हायचं. टेप ऐकवणार.

दत्ताला विचारलं, भीती वाटते का? आता मी सगळं विचारतो, जेवलास का इथपासून. सुभद्रा म्हणते, "आता उलटं सुरू झालं. लेकराला जरा दम तर घेऊ द्या!"

म्हणाला, "साहेबांचा आवाज ऐकायची भीती नाही. माझा ऐकायची आहे."

५ नोव्हें., बुध.

बारामतीच्या स्टँडवर सोडायला गेलो. पुण्याची गाडी उशिरा. बाकावर दोघं. ढगांचं एकही चिन्ह नाही, आभाळ धुतल्यासारखं. मी जुनी एक कविता गुणगुणायला लागलो, चालीवर. मध्येच लक्षात आलं ती ढगांची आहे, थांबलो. दत्ता म्हणाला, "म्हणा की. पुढचं मला येतं." आणि स्टँडवर, गाडीच्या धुरात, त्यानं उरलेलं कडवं म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकला. मी दुरुस्त केलं नाही.

गाडीत चढताना टोपीची पिशवी माझ्या हातात दिली. "ही राहू दे घरी. परत घालायची की नाही, ते तिथं कळेल." वरचं कुंकू अजून गेलेलं नाही.

गाडी वळेपर्यंत उभा होतो.

८ नोव्हें., शनि.

फाट्यावरच्या एसटीडी बूथवर सकाळपासून. बूथवाला म्हणाला, "तात्या, आत बसा, खुर्ची देतो." आत बसवेना. बबनराव येऊन बसले. आज विजेबद्दल, रॉकेलबद्दल, काही नाही. एक विडी पेटवली, विझू दिली, पुन्हा पेटवली.

फोन आला. आवाज लांबून, मागं माणसांचा गलका.

"तात्या, टेप ऐकवली."

"काय निघालं?"

"ऐकली दोनदा. पुन्हा सोमवारी बोलावलंय, साहेबांना पण. निकाल नंतर कळवतील."

"अरे पण तुझा आवाज... तू काय म्हणाला होतास?"

रिसीव्हर कानाशी घट्ट दाबला.

"फोनवर नको, तात्या. घरी आल्यावर." मग म्हणाला, "पण मी आपण होऊन सांगेन म्हणून थांबू नका हं. तुम्ही विचारा."

ठेवला.

आवाज कसा होता? घरी आल्यावर सुभद्रानं हेच विचारलं, पुन्हा पुन्हा. हलका होता म्हणावं तर खोटं. जड होता म्हणावं तर तेही नाही. वाऱ्यातल्या काट्यासारखा. ठरत नव्हता.

टोपी खुंटीला आहे. सुभद्रा म्हणाली, धुऊ का? म्हटलं, राहू दे, येऊ दे त्याला.

बुधवारी येईल बहुतेक. बारामतीलाच जाऊन उभा राहणार आहे. बॅग त्याच्या खांद्यावर असेल, तेव्हाच विचारायचं.